घरगुती शिवणसाधनांची निगा : महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक दुर्लक्षित पान

प्रस्तावना

शिलाई यंत्राचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः त्याच्या शोधाकडे, विक्रीकडे आणि त्यामुळे शिंप्यांच्या व्यवसायात घडून आलेल्या बदलांकडे जाते. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए याला १८३० मध्ये मिळालेले पेटंट, पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी केलेली त्याच्या यंत्रांची मोडतोड, अमेरिकेतील एलियास हाऊ याचे १८४६ चे आणि आयझॅक मेरिट सिंगर याचे १८५१ चे पेटंट हा क्रम सर्वपरिचित आहे. यंत्र एकदा विकले गेले की मात्र इतिहासकार त्याची संगत सोडतो. ज्या घरात ते गेले तेथे पुढची पन्नास-साठ वर्षे ते कसे चालले, त्याला तेल कोणी घातले, त्याची सुई कोणी बदलली, पावसाळ्यात ते गंजू नये म्हणून कोणी काय केले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचे मानले गेले.

हे प्रश्न वाटतात तितके किरकोळ नाहीत. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत आजीचे हातमशीन नातीच्या वापरात आहे. एवढ्या दीर्घ आयुष्याचे श्रेय सहसा जुन्या काळच्या पोलादाला दिले जाते. पोलाद चांगले होते यात शंका नाही. परंतु कोकणच्या हवेत बिननिगेचे चांगले पोलादही दोन पावसाळ्यांत तांबूस होते. यंत्र टिकले ते घरातल्या नियमित श्रमांमुळे. या श्रमांची गणना ना उत्पादनात झाली, ना स्वयंपाक-धुणीभांड्यांप्रमाणे गृहकृत्यात. प्रस्तुत निबंधात या श्रमांचा मागोवा घेतला असून, शिवणसाधनांची निगा ही घरातील स्त्रीच्या दृष्टीने केवळ टापटिपीची बाब नव्हती, तर उपजीविकेच्या साधनावरील आपला ताबा टिकवण्याची ती एक रीत होती, असे प्रतिपादन केले आहे.

यंत्रापूर्वीची साधने : सुई, कात्री आणि शिकलगार

निगेची परंपरा यंत्रापेक्षा जुनी आहे. संत नामदेव जातीने शिंपी. गुरू ग्रंथ साहिबमध्ये समाविष्ट असलेल्या त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची साधने भक्तीची प्रतीके होऊन येतात. रूपक म्हणून ती सहज वापरता यावीत इतकी ही साधने लोकांच्या ओळखीची होती. गज हा लांबी मोजण्याचा दांडा, त्याला निगा अशी लागत नाही. सुई आणि कात्री यांचे तसे नाही. गंज आणि बोथटपणा हे त्यांचे दोन शत्रू, आणि घराघरांतल्या चालीरीती या दोन शत्रूंभोवती उभ्या राहिल्या.

गोधडी घालणारी बाई शिवता शिवता मधूनच सुई केसांतून फिरवते. पाहणाऱ्याला ती नुसती सवय वाटते. प्रत्यक्षात डोक्याच्या तेलाचा पुसट थर सुईवर चढतो, जाड थरांतून ती सहज सरकते आणि बोटांच्या घामाने तिला गंजही लवकर चढत नाही. सुई रिकाम्या डबीत न टाकता लोकरीच्या तुकड्यात खोचून ठेवणे, दाभण वेगळे ठेवणे, तिन्हीसांजेला सुई उसनी न देणे या रिवाजांपैकी शेवटच्याला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात हातातून पडलेली सुई सापडणे किती अवघड आणि अनवाणी पायांना ती किती घातक, हे लक्षात घेतले तर त्या निषेधामागचा व्यवहारही दिसू लागतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुयांच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र होते. तेथील कारखानदार सुया काळ्या कागदाच्या पुडीत बांधत, तेही गंज टाळण्यासाठीच. लोकरीचा तुकडा आणि काळा कागद यांचा हेतू एकच होता.

कात्रीची कथा अधिक लांबची आहे. तिला धार लावणे हे घरातले काम नव्हे. त्यासाठी दाराशी माणूस यावा लागे. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांत शिकलगार समाज प्रमुख. हे नाव ज्या मूळ अरबी शब्दावरून आले त्याचा अर्थ घासून चकाकी आणणे असा आहे. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरांत मात्र त्यांची नोंद हत्यारांना पाणी चढवणारे आणि त्याचबरोबर चाकू-सुऱ्यांना धार लावणारे अशी मिळते. मराठेशाहीचा अस्त, सत्तावन्ननंतरचे निःशस्त्रीकरण आणि १८७८ चा शस्त्र कायदा यांनी तलवार सामान्य घरातून हद्दपार केली. तलवारीवर चालणारा हात त्यानंतर कात्रीवर चालू लागला. पराभूत संस्थानांच्या आणि बरखास्त फौजांच्या इतिहासात या बदलाला जागा मिळालेली नाही, हे आश्चर्याचे नाही. पण घरगुती शिवणकामाला धारेचे कसबी हात उपलब्ध झाले ते अशा वाटेने.

आश्विन शुद्ध नवमीच्या खंडेनवमीलाही असाच प्रवास घडला. शस्त्रे उतरवून, घासून, त्यांची पूजा करण्याचा हा दिवस. ज्या घरात शस्त्र उरले नाही तेथे विळी, कोयता, कात्री आणि पुढे शिलाई यंत्र पाटावर आले. पूजेपूर्वी वस्तू स्वच्छ करावी लागते, ही यातील महत्त्वाची गोष्ट. यंत्राची सुई काढणे, दात्यांखाली साचलेला दोऱ्यांचा भुगा झाडणे, जुने तेल पुसून नवे घालणे, मग हळदकुंकू आणि झेंडूची माळ. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि दिवाळीची शिवणकामे पुढे उभी असतात. यंत्राची वार्षिक सफाई वर्षातून एकदाच करायची असेल तर याहून योग्य वेळ कोणा तज्ज्ञालाही सांगता येणार नाही.

कात्रीच्या वापराचा एक घरगुती नियम सर्वत्र आढळतो : कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात पांढऱ्या मातीसारखी खनिजे मिसळलेली असतात आणि ती पात्याची धार खातात. हे रसायनशास्त्र माहीत नसतानाही आयाबायांनी हा नियम मुलांच्या पाठीत धपाटे घालून पाळायला लावला. देशात कात्र्यांसाठी नावाजलेले शहर म्हणजे मेरठ. तेथील कात्रीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, आणि तिची ख्याती आहे ती पुनःपुन्हा धार लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरता येते यासाठी. धार लावणाऱ्याचे कसब दोन्ही पाती सारखी घासण्यात असते. एक पाते जास्त घासले गेले तर टोके जुळत नाहीत, आणि मग अशी कात्री कापड कापण्याऐवजी चावते.

यंत्राचे आगमन

भारतात शिलाई यंत्राचा प्रसार १८७० च्या दशकानंतर झाला. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारतातील दैनंदिन तंत्रज्ञानावरील ग्रंथात सायकल, टंकलेखन यंत्र आणि भाताची गिरणी यांच्या जोडीने शिलाई यंत्राचा इतिहास मांडला आहे. सिंगर कंपनीच्या येथील विस्तारात मुंबईचे पारशी व्यवस्थापक नसरवानजी मेरवानजी पटेल यांचा वाटा मोठा होता, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. येथे यंत्र प्रथम गेले ते शिंप्याच्या दुकानात आणि बंगल्याच्या ओसरीवर बसणाऱ्या दर्ज्याकडे. घरातील स्त्रीच्या हाती ते सावकाश आले. मुंबईच्या बंदरात उतरणारी बहुसंख्य यंत्रे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्यात तयार झालेली असत.

महाराष्ट्रात स्त्री आणि यंत्र यांची गाठ घालून देण्यात स्त्रीशिक्षणाच्या संस्थांचा हात होता. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती सदन, रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केलेले सेवासदन यांसारख्या ठिकाणी विधवा व परित्यक्ता स्त्रियांना शिवणकामाचे शिक्षण मिळाले. सासर-माहेर दोन्हीकडून आधार तुटलेल्या बाईला उंबरठ्याच्या आत राहून चार पैसे मिळवून देणारी साधने तेव्हा मोजकीच होती. शिलाई यंत्र हे त्यांपैकी एक, आणि ते बंद पडणे म्हणजे चूल बंद पडणे. निगेचा प्रश्न गंभीर होतो तो येथे.

महात्मा गांधींनी १९२४ मध्ये यंत्रविरोधाविषयीच्या एका संवादात सिंगरच्या शिलाई यंत्राचा अपवाद केला, हे प्रसिद्ध आहे. पत्नीला हाताने टाके घालण्याचा त्रास पडू नये म्हणून प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र घडवले, अशी त्यामागची धारणा. सिंगरचे चरित्र पाहता, त्याने एकाच वेळी चालवलेले अनेक संसार पाहता, ही आख्यायिका फारशी टिकत नाही. त्याच संवादात, असे यंत्र बनवणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली असावेत असेही गांधीजींनी म्हटले. यंत्र बनवणाऱ्याच्या श्रमांचा विचार असा झाला, वापरणारीच्या श्रमांचाही झाला. त्याला चालते ठेवणाऱ्या श्रमांचा मात्र त्या चर्चेत उल्लेख नाही.

तेल, रॉकेल आणि पावसाळा

यंत्रासोबत येणाऱ्या छापील पुस्तिकेत निगेच्या सूचना थोडक्यात दिलेल्या असत. सतत वापर असेल तर रोज तेल द्यावे, बेताचा असेल तर अधूनमधून. प्रत्येक छिद्रात एकच थेंब पुरे. यंत्र बरेच दिवस पडून जड झाले तर तेलाच्या छिद्रांत थोडे रॉकेल सोडून ते वेगाने फिरवावे, पुसून घ्यावे आणि मग नवे तेल घालावे. सूचना स्पष्ट आणि बिनचूक. मात्र त्या ज्या हवामानात लिहिल्या गेल्या तेथे पाऊस बारमाही आणि सौम्य होता. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने धरू लागतो. म्हणजे आषाढ-श्रावणात यंत्र वापरले नाही तरी बिघडते, किंबहुना वापरले नाही म्हणूनच बिघडते. पुस्तिकेतील ही उणीव येथल्या घरांनी आपल्या अनुभवाने भरून काढली.

यंत्र पश्चिमेच्या खिडकीपासून हलवून स्वयंपाकघराच्या भिंतीलगत ठेवणे ही त्यांतली एक युक्ती. चुलीची ऊब भिंतीतून मिळते. पण धुराची काजळी आणि फोडणीचा तेलकटपणा यंत्रावर बसतो, म्हणून ते चुलीच्या खोलीत नव्हे, तर भिंतीच्या पलीकडे. पावसाळ्यात काम नसले तरी आठवड्यातून एकदा चाक फिरवून ठेवणे ही दुसरी. सांध्यांतले तेल त्यामुळे पसरते. सुई यंत्राला लावून न ठेवता काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळणे, दाबपायाखाली कापडाचा तुकडा ठेवून पाय खाली सोडणे, सुट्या भागांच्या डबीत कापराची वडी टाकणे, या बारीकसारीक गोष्टी कोणत्याही शाळेत शिकवल्या गेल्या नाहीत. सासूने सुनेला, थोरल्या जावेने धाकटीला त्या सांगितल्या.

पायमशीनचा चामडी पट्टा पावसाळ्यात ओल धरून सैलावतो आणि चाकावरून घसरू लागतो. तो थोडा कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडणे हे काम बाया स्वतः करीत. नवशिक्या बाईची चूक ठरलेली : चामड्याला तेल चांगले, या समजुतीने ती पट्ट्याला खोबरेल चोळते. पट्टा मऊ होतो खरा, पण मग चाकावर मुळीच पकड घेत नाही.

खोबरेलाचा विषय येथेच संपत नाही. यंत्राचे तेल म्हणजे पातळ खनिज तेल. ते विकत आणावे लागे. घरात खोबरेल असे, शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल असे. हाताशी असलेले तेल छिद्रात सोडण्याचा मोह स्वाभाविक होता. शेंगदाणा आणि करडई ही तेले हवेच्या संपर्काने हळूहळू चिकटतात आणि त्यांची राळेसारखी तपकिरी पुटे सांध्यांत बसतात. यांत करडईचे तेल अधिक वाईट. खोबरेल तसे लवकर चिकटत नाही, परंतु ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. देशावरच्या थंडीत सकाळी बाटलीतले खोबरेल दगडासारखे झालेले प्रत्येक घराने पाहिले आहे; यंत्राच्या पोटात तेच घडते हे मात्र लक्षात येत नाही. पौषातल्या सकाळी यंत्र जड चालते, दुपारी उन्हात बरे चालते, आणि घरचे लोक त्याला लहरी ठरवतात. दुरुस्तीला येणारा कारागीर तेलाच्या छिद्रात काडी घालून ती हुंगून पाहतो, ते याचसाठी. चिकटलेले तेल सोडवण्याचा उपाय रॉकेलच. जोवर घरोघरी स्टो होते तोवर हा उपाय हाताशी होता. घरातून रॉकेल गेले तसा निगेच्या साखळीतला हा एक दुवाही सुटला.

यंत्राच्या काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी हीदेखील चुकीच्या सफाईला बळी पडली. ती नक्षी लाखेच्या पारदर्शक थराखाली असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. दिवाळीच्या उत्साहात स्पिरिटने पुसलेली यंत्रे स्वच्छ झाली, पण नक्षीला मुकली. कोरड्या मऊ कापडाने पुसून वर तेलाचा हात फिरवणारी घरे याबाबतीत शहाणी ठरली.

कुलूप, हप्ता आणि मालकी

निगा हा शब्द मराठीत देखभाल आणि राखण अशा दोन्ही अर्थच्छटा घेऊन येतो. शिवणसाधनांच्या बाबतीत दुसरी छटा विशेष महत्त्वाची आहे.

हातमशीनसोबत वाकवलेल्या लाकडाचे, घुमटासारखे झाकण येई आणि त्याला कुलूपकिल्ली असे. ती किल्ली बाईच्या पदराच्या गाठीला किंवा मंगळसूत्राला बांधलेली असे. गमतीचा भाग असा की, या किल्ल्या बहुतेक एकसारख्याच असत आणि शेजारणीची किल्लीही चालून जाई. चोरापासून ते कुलूप फारसे रक्षण करू शकत नव्हते. घरातल्यांना मात्र ते एक गोष्ट सांगत होते : या पेटीला हात लावण्यापूर्वी विचारावे लागते. एकत्र कुटुंबात स्वतःचे म्हणावे असे कपाट नसलेल्या बाईच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हती.

कायद्याच्या दृष्टीने ही मालकी बरीच डळमळीत होती. एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये सिंगर कंपनीत हप्तेबंदीची पद्धत सुरू केली आणि पुढे ती कंपनीबरोबर जगभर, भारतातही पोचली. या व्यवहारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्र विक्रेत्याच्या मालकीचे राहते. घेणारा केवळ भाडेकरू ठरतो आणि वस्तू सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. म्हणजे ज्या काळात हप्ते चालू असत त्या काळातली निगा ही परक्याच्या मालमत्तेची निगा होती, आणि हप्ता चुकला तर नीट राखलेले यंत्र तितक्याच सहजपणे परत जाण्याची भीती होती. या व्यवहारांत घेणाऱ्याला संरक्षण देण्यासाठी संसदेने १९७२ मध्ये भाडेखरेदी अधिनियम संमत केला. परंतु तो प्रत्यक्ष अमलात कधीच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला.

यंत्र पूर्ण मालकीचे झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राही, तो सावकाराच्या जप्तीचा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कोणत्या वस्तू जप्त करता येत नाहीत याची यादी आहे. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने आणि कारागिरांची अवजारे यांना त्यात संरक्षण आहे. मंगळसूत्र सुटते, तवा सुटतो, दुकानातल्या शिंप्याची कात्रीही सुटते. घरी बसून शेजारणींच्या चोळ्या शिवणारी विधवा कारागीर मानायची की गृहिणी, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत नाही. शिलाई यंत्राचा तर नावाने उल्लेखच नाही. तिचे काम हे काम आहे की फावल्या वेळचा उद्योग, या सामाजिक प्रश्नाचे उत्तर ज्या बाजूने द्यावे त्या बाजूने तिचे यंत्र राहते किंवा जाते.

लग्नात आंदण म्हणून आलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. माहेरून लेकीला यंत्र देण्याची चाल विसाव्या शतकात मध्यम आणि कष्टकरी दोन्ही वर्गांत रुळली. स्त्रीधन ही पत्नीची संपूर्ण मालमत्ता असून सासरी ठेवली म्हणून ती सामाईक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. निवाडा निःसंदिग्ध आहे. पण घर सोडावे लागलेल्या बाईने दागिने पदरात बांधून नेता येतात. लोखंडी सांगाड्याचे पायमशीन नेण्यासाठी हातगाडी लागते आणि दोन माणसे लागतात. हातमशीन उचलून नेता येते, हा त्याचा गुण जाहिरातीत प्रवासाच्या सोयीसाठी सांगितला जाई. त्याचे खरे मोल अशा प्रसंगी कळले असणार.

घरबसल्या मजुरीत निगेचा खर्च कोणाचा, हा प्रश्न याच मालकीतून निघतो. कारखान्यात यंत्राचे तेल, सुया, पट्टा, दुरुस्ती हा मालकाचा खर्च. नगावर शिवणाऱ्या बाईच्या दरात तो कधी धरला गेला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या अनेक संसारांचा भार घरबसल्या कामांवर आला. शिवणकाम त्यांपैकी एक होते. सुई मोडली तर तिची, दोरा तुटून वाया गेला तर तिचा, कारागिराला बोलावले तर तो दिवस बुडीत. ज्या बाईला यंत्र स्वतः उघडून साफ करता येई तिची मिळकत, दर तोच असूनही, शेजारणीपेक्षा जास्त पडे. मजुरीच्या हिशेबात न दिसणारे हे कौशल्य मजुरीचाच भाग होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या कामासंबंधीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांकडूनही शिलाई यंत्रांचे वाटप होत आले आहे. नवे यंत्र देणे हे छायाचित्रात दिसते. जुन्याला शटल बसवून देणे दिसत नाही.

सुटे भाग आणि यंत्राचा पुरावा

घरची निगा कितीही चोख असली तरी झिजणारे भाग झिजतातच. तेव्हा बाजारात तो भाग मिळणे आणि तो बसवणारा कारागीर मिळणे आवश्यक ठरते. या बाबतीत भारतीय घरांना एक अनुकूलता लाभली. सिंगरचे पंधरा क्रमांकाच्या वर्गातील यंत्र (क्लाइडबँकला तयार होणाऱ्या यंत्रांना किलबोवीवरून १५-के म्हणत) बांधणीने साधे होते. लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहातील कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रांची निर्मिती केली ती याच धर्तीवर. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, तसे देशी यंत्राने घरगुती बाजारपेठ काबीज केली. पुढे लुधियाना हे यंत्रांचे आणि सुट्या भागांचे मोठे केंद्र झाले. बांधणी एकच असल्यामुळे स्कॉटलंडच्या सांगाड्यात लुधियानाचे शटल, बॉबिन आणि सुई बिनतक्रार बसू लागली. दीर्घायुष्याचे श्रेय एकट्या स्कॉटिश पोलादाला देणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नसते.

या दुरुस्तीची नोंदवही कोठे नाही, पण यंत्र स्वतःच एक दस्तऐवज आहे. सिंगरच्या यंत्रावर कोरलेल्या क्रमांकाच्या आधीचे अक्षर ते कोणत्या कारखान्यात आणि साधारण कोणत्या वर्षांत तयार झाले हे सांगते. ‘एफ’ किंवा ‘वाय’ हे अक्षर असेल तर ते क्लाइडबँकचे. पुढच्या कडेची नक्षी कापडाच्या घासण्याने किती पुसली आहे त्यावरून त्यावर किती काम झाले याचा अंदाज बांधता येतो. मूळ चकचकीत भागांत एखादा मंद रंगाचा देशी भाग दिसला तर ती दुरुस्तीची खूण. पेचाच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी योग्य मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरऐवजी सुरीच्या टोकाने ते उघडले आहे. हा बहुधा घरातल्याच कोणाचा, घाईचा आणि पैशाच्या चणचणीचा पुरावा. तेलाच्या छिद्रांभोवतीचा रंग गर्द आणि गुळगुळीत असेल तर तेथे वर्षानुवर्षे नियमाने बोट फिरले आहे. संग्रहालयांत अशी यंत्रे स्वच्छ करून, नवा रंग देऊन मांडली जातात, तेव्हा नेमका हाच पुरावा पुसला जातो. वस्तुसंग्रहाच्या नोंदीत ‘सिंगर, हातमशीन’ एवढेच लिहिले जाते. ज्या बाईने ते वापरले तिचे नाव विचारले जात नाही.

क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव मात्र अजूनही ‘सिंगर’ असेच आहे. त्या कारखान्यातून निघालेली यंत्रे महाराष्ट्रात चालू आहेत, आणि त्यांना लागणारी सुई व बॉबिन आजही कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळते.